छंदाआधीचे हात

नवी मुंबईतल्या एखाद्या सदनिकेत टेबलावर वर्तमानपत्र अंथरून चामड्याचे होल्स्टर शिवायला बसणे आता कोणाला विचित्र वाटत नाही. परवान्याचे पिस्तूल बाळगणारे थोडे. बहुतेकांची पहिली वस्तू ट्रेकला न्यायच्या चाकूसाठी, बागेतल्या कात्रीसाठी किंवा पकड-पान्यासाठी असते. पट्ट्यात अडकवायचे, हत्यार घट्ट धरून ठेवणारे चामडी घर, एवढाच त्याचा अर्थ. चामडे घरपोच येते, हत्यारे घरपोच येतात, शिकवणारे व्हिडिओ फुकट असतात, आणि काही सुट्ट्यांत नवशिक्याच्या हाती थोडे वाकडे पण कामाला येणारे होल्स्टर पडते. रिकामा वेळ आणि खिशातला पैसा यांतून हा छंद आला, असे सर्रास मानले जाते. मला हे स्पष्टीकरण पुरेसे वाटत नाही. वेळ आणि पैसा असलेली माणसे महाराष्ट्रात पूर्वीही होती. त्यांनी चित्रे काढली, सतार वाजवली, बागा केल्या, पण चामड्याला हात लावला नाही. चामड्याचे काम छंद होऊ शकले, कारण कच्चे कातडे आणि शिवणारा हात यांच्यातले अंतर वाढत वाढत इतके झाले की शेवटच्या माणसापर्यंत जनावराची खूणही पोहोचत नाही. या अंतराचा इतिहास हा आपल्या जातिव्यवस्थेचाही इतिहास आहे. तो बाजूला ठेवून होल्स्टर शिवणारा टाके घालायला शिकेल, पण चामडे त्याला कळणार नाही.

आधी वस्तूच नीट पाहू. पिशवीत जिन्नस सैल राहिला तरी बिघडत नाही. होल्स्टरचे तसे नाही. धावताना, वाकताना, कड्यावरून उतरताना हत्यार निसटता कामा नये आणि हात घातल्याबरोबर ते न अडता बाहेरही आले पाहिजे. ही पकड बटणाने किंवा पट्टीने येत नाही, ती चामड्याला दिलेल्या वळणातून येते. वनस्पतींच्या सालीने कमावलेले, तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीचे चामडे कोमट पाण्यात बुडवले की काही वेळाने मऊ पडते. मग प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या हत्याराभोवती किंवा त्याच्या लाकडी नमुन्याभोवती ते बोटांनी आणि हाडाच्या गुळगुळीत पट्टीने दाबत जायचे. मुठीखालचा खळगा, पात्याची कड, खिट्टीचा उंचवटा, सगळे चामड्यावर उमटू लागते. सावलीत हळूहळू सुकले की ते वळण कायमचे होते. नवशिके घाईने ते उन्हात ठेवतात आणि चामडे आखडून बसते. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत ते सुकतच नाही आणि बुरशी धरते. पण सगळ्यात जास्त फसगत होते ती चामडे निवडताना. बाजारात मिळणारे बहुतेक चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४ साली या पद्धतीचे पेटंट घेतले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फ्रेड चॅटर्टन याने मद्रासमध्ये ती रुजवली. हे चामडे मऊ असते, पाण्याला दाद देत नाही, झटपट तयार होते, पर्सला आणि बुटाच्या वरच्या भागाला उत्तम. पण त्याला भिजवून कितीही दाबले तरी वळण राहत नाही. होल्स्टरसाठी ते निकामी.

म्हणजे ज्या गुणामुळे होल्स्टर होल्स्टर ठरते, तो गुण शिवणाऱ्याने घातलेला नसतो. तो त्याच्या कितीतरी आधी, कमावणाऱ्याने घातलेला असतो. महाराष्ट्रात हे काम पिढ्यानपिढ्या ढोर समाजाकडे होते. बसवण्णांच्या काळातल्या शरण कक्कय्यांचे नाव सांगणारा हा समाज. कातडे चुन्याच्या कुंडात मुरवायचे, केस सैल झाले की खरवडून काढायचे, आतल्या बाजूचे मांस-चरबी तासायची, चुना जाईपर्यंत धुवायचे. नंतर त्याची पिशवी शिवायची, तीत बाभळीची कुटलेली साल आणि हिरडा भरून पाणी ओतायचे आणि ती खांबांच्या आधाराने टांगायची. रस कातड्यातून झिरपत खालच्या भांड्यात पडतो. तो पुन्हा वरून ओतायचा. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, म्हणजे दोन्ही टोकांना सारखा रस मुरतो. साल संपली की नवी भरायची. हे आठवडेच्या आठवडे चाले. साल किती कुटायची, चुना कधी पुरे झाला, रस कातड्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचला की नाही, हे कडेचा एक तुकडा कापून त्याच्या रंगावरून ओळखायचे. आजच्या भाषेत हे रसायनशास्त्र आहे: सालीतले टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना बांधते आणि कुजणारी वस्तू न कुजणारी होते. ज्यांना हे शास्त्र हाताने येत होते, त्यांना गावाने पाणवठ्यावर येऊ दिले नाही.

या कामाच्या विभागणीत जो उतार दिसतो, तो माझ्या म्हणण्याचा मुख्य पुरावा आहे. मेलेले जनावर ओढून नेणे हे महारांवर वतनाची बाब म्हणून लादलेले होते. कातडे कमावणे ढोरांकडे. कमावलेल्या चामड्याच्या वहाणा, मोटा, पखाली, आसूड आणि वाद्या करणे चांभारांकडे. आणि घोड्याचे जीन, लगामाचे पट्टे, तलवारीच्या म्यानावरचे चामडे हे जीनगरांकडे. जनावरापासून जितके लांब, तितका दर्जा वर. जीनगर अस्पृश्य मानले जात नसत, ते स्वतःला सोमवंशी क्षत्रिय म्हणवत. तरीही १८८५ साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये नोंद आहे की न्हावी त्यांची हजामत करायला तयार नसत, कारण जीन करताना त्यांचा हात चामड्याला लागतो. हे चामडे कुठले, तर दुसऱ्याने कमावलेले, तिसऱ्याने कापलेले, कोरडे, वास नसलेले. त्यावर जीनगर कलाबूत चढवत, रेशीम भरत. सावंतवाडीच्या जीनगरांचे चामड्यावरचे भरतकाम तर नावाजलेले होते. एवढे असूनही विटाळाची सावली तिथपर्यंत लांबलीच. त्यामुळे जीनगरांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. मराठी राज्य १८१८ साली गेले, पागा मोडल्या, घोडदळ पांगले. १८५७ नंतर लोकांची हत्यारे काढून घेतली गेली आणि १८७८च्या शस्त्र कायद्याने हत्यार बाळगायला परवाना सक्तीचा केला. जिनाचे आणि म्यानाचे गिऱ्हाईक आटले, तेव्हा हा कसबी समाज चामड्याच्या दुसऱ्या वस्तूंकडे वळला नाही. त्याने धातूचे ओतकाम, चित्रे, मूर्ती, पुस्तकबांधणी असे व्यवसाय धरले. पर्याय मिळताच चामडे सोडायचे, हा त्याचा निर्णय पोटाचा होता तसा प्रतिष्ठेचाही होता.

संग्रहालयातही हा उतार दिसतो. मराठी सरदारांच्या तलवारींत ‘फिरंग’ म्हणून ओळखली जाणारी युरोपीय पाती पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी काहींवर आंद्रेआ फेरारासारखी कारागिराची नावे कोरलेली आढळतात. पाते इटलीचे की जर्मनीचे यावर अभ्यासक तावातावाने लिहितात. त्याच पात्याला शतकानुशतके गंजण्यापासून वाचवणारे म्यान कोणी केले, त्याचे नाव नाही, गाव नाही, शिक्का नाही. चामडे लवकर झिजते, म्याने बदलली जातात, हे कारण खरे आहे. पण ते अर्धेच. नाव कोरण्याचा हक्क कोणाला आहे, हे समाज आधी ठरवतो आणि वस्तू नंतर टिकते किंवा नष्ट होते.

इथे कोणी म्हणेल की होल्स्टर ही आपली वस्तूच नव्हे. ती अमेरिकी गुराख्यांच्या चित्रपटांतून आणि परदेशी व्हिडिओंतून आली, तिला बलुत्याचा इतिहास चिकटवणे ओढूनताणून आहे. हा आक्षेप वस्तूच्या नावापुरता बरोबर आहे, तिच्या घडणीपुरता नाही. पोलिस आणि लष्करी अधिकारी कमरेच्या पट्ट्याबरोबर खांद्यावरून जो तिरका पट्टा घालतात, तो सॅम ब्राऊन या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. त्याचा डावा हात ३१ ऑगस्ट १८५८ रोजी पिलिभीतजवळच्या चकमकीत गेला आणि एका हाताने तलवार-पिस्तूल सांभाळायला त्याने ही जुळणी केली. जगभरच्या सैन्यांत पोहोचलेला हा पट्टा हिंदुस्थानातल्या लढाईत जन्मला. त्यानंतर १८६०च्या दशकात कानपूरला सरकारी जीन-सामानाचा कारखाना उभा राहिला. मुंबईत शीव-धारावीच्या बाजूला आदमजी पीरभॉय यांच्या कारखान्यातून लष्कराला बूट आणि चामडी साहित्य जाऊ लागले. कारखान्यांचे मालक आणि गिऱ्हाईक बदलले, पण चामड्याला हात लावणारे बहुतेक त्याच समाजांतून आले, आता रोजावर. भिजवून वळण देणे, दोन सुयांनी एकाच दोऱ्याची दोन्ही टोके एका भोकातून ओवून खोगिराची शिलाई घालणे, दोऱ्याला मेण लावणे, रापीने कडा पातळ करणे, ही कसबे परदेशी व्हिडिओंच्या कितीतरी आधी इथे कामात होती. शिवाय कमरेला हत्यार बाळगण्याची गरज कोकणाला नवी नाही. कोयता अडकवायची लाकडी आकडी कमरेला बांधून माणसे रानात जात आली आहेत. पावसात आणि चिखलात भिजणाऱ्या माणसाला चामड्यापेक्षा लाकूड सोयीचे, हे उघड आहे.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि त्याला सहज झटकता येणार नाही. तो असा: ज्यांच्यावर हे काम जन्माने लादले गेले नाही, ती माणसे आपणहून चामडे हातात घेतात, यापरता जातीवरचा मोठा घाव कोणता? छंदाने विटाळ धुऊन निघतो, मग तक्रार कशाची? या युक्तिवादाचा महाराष्ट्रात एकदा मोठा प्रयोग झाला आहे. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर हर्मन कॅलनबाख यांच्याकडून चपला शिवायला शिकले. कॅलनबाख ते मारियनहिलच्या ख्रिस्ती मठात शिकले होते. १९१४ साली दक्षिण आफ्रिकेतून निघताना गांधीजींनी स्वतः केलेला जोड जनरल स्मट्स यांना भेट दिला. पुढे १९३०च्या दशकात वर्ध्याजवळच्या नालवाडीत गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. जनावर मारून नव्हे, तर आपोआप मेलेल्या जनावराचे कातडे काढायचे, कमवायचे, त्याच्या वहाणा करायच्या, आणि हे काम जातीबाहेरच्या कार्यकर्त्यांनीही करायचे, अशी तिथली भूमिका होती. या माणसांनी नुसती शिलाई उचलली नाही, दुर्गंधीचा टप्पाही उचलला. त्यासाठी त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पण त्याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उलट दिशेने बोलत होते आणि इतिहासाचा कौल माझ्या मते त्यांच्या बाजूने आहे. १९२७च्या महाडपासून त्यांनी सांगितले की मेलेली गुरे ओढणे सोडा, मृतमांस सोडा. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले, कारण वतन हा मान नसून गावाची वेठ आहे हे त्यांनी हिशेबाने दाखवले होते. गुरे ओढणे सोडल्याने कातडी, शिंगे आणि हाडांचे उत्पन्न बुडते, अशी काळजी वरच्या जातीतले काही लोक वर्तमानपत्रांतून व्यक्त करत. नागपूरला धर्मांतरानंतरच्या १५ ऑक्टोबर १९५६च्या भाषणात बाबासाहेबांनी त्याचा समाचार घेतला: एवढा फायदा दिसत असेल तर तो तुम्हीच का घेत नाही, असे त्यांचे आव्हान होते. ते आव्हान कोणी स्वीकारले नाही. कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. नालवाडीचा कार्यकर्ता उद्या चर्मालय सोडून शाळेत शिकवू शकत होता. ढोरवाड्यातल्या मुलाला ती मुभा नव्हती. निवड एकाच बाजूला असेल तर एका माणसाचे काम उदात्त ठरते आणि दुसऱ्याचे तेच काम नीच राहते. छंदाने जात मोडते हे मान्य करायला मी तयार आहे, पण एका अटीवर: ज्यांच्या घरात हे कसब होते त्यांनाही ते सोडण्याची आणि हवे असल्यास मानाने चालवण्याची तेवढीच मुभा हवी.

ती अट नवी मुंबईत कितपत पुरी होते? सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि खाडीपलीकडच्या आगरी-कोळी गावांच्या जमिनीवर हे शहर आखले गेले. आखीव वसाहतीत चांभारवाडा नव्हता. शेजाऱ्याला शेजाऱ्याचा पिढीजात धंदा ठाऊक नाही, आणि म्हणून चौथ्या मजल्यावर कोणी चामडे भिजवले तर भुवया उंचावत नाहीत. ही मोकळीक शहराने दिली आहे आणि ती मोलाची आहे. पण स्थानकाबाहेर बसणारे गटई कामगार पाहिले की चित्र पालटते. त्यांना पत्र्याचा स्टॉल देणारी सरकारी योजना अनुसूचित जातींतल्या कारागिरांसाठीच आहे, आणि मदत म्हणून ती योग्यच आहे. मात्र हा धंदा कोणत्या घरांतून येतो याबद्दल सरकारलाही शंका नाही, असा त्याचा अर्थ होतो. चामड्याचा टप्पा तर आणखी लांब गेला. धारावीतले कमावण्याचे काम जवळपास संपले. तिथल्या दुकानांत दिसणारे चामडे बहुतांशी चेन्नई, कानपूर, कोलकात्याकडून तयार होऊन येते. मार्च २०१५पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हशीवर नाही. त्यामुळे राज्यातल्या कारागिरांना जाड चामड्यासाठी म्हशीवर आणि परराज्यांवर जास्त विसंबावे लागते. नेरूळ किंवा खारघरच्या नवशिक्याच्या दारात जो चौकोनी तुकडा येतो, त्यामागे चुना, घाण पाणी आणि ते हाताळणारी माणसे आहेत, पण शेकडो किलोमीटर दूर.

छंद करणाऱ्यावर एवढे ओझे का टाकता, त्याने काही कोणाच्या पोटावर पाय दिलेला नाही, असेही म्हटले जाईल. खरेच, दिलेला नाही. सुरक्षा दलांतही साच्यात घातलेल्या प्लास्टिकची आणि नायलॉनची होल्स्टरे रूढ होत आहेत. चामड्याचे होल्स्टर आज ज्यांना ते आवडते त्यांच्यामुळे टिकून आहे, आणि हौशी माणसाची खरेदी धारावीतल्या दुकानदाराच्या उपयोगाचीच आहे. दोष त्याच्या हौशीत नाही, किंमत कुठे लागते यात आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या तेव्हा सुरुवातीला कोल्हापूरचे नावही घेतले नव्हते. इथे ओरड झाल्यावर भारतीय मूळ मान्य केले. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना या चपलेचे भौगोलिक मानांकन मिळालेले असतानाची ही गोष्ट. चपलेच्या वेण्या घालणाऱ्या बायका, तळ शिवणारे पुरुष, कातडे कमावणारे घर, यांच्यापासून वस्तू जितकी दूर जाते तितकी ती महाग होते. म्यानाच्या आणि पात्याच्या काळातला उतार इथेही तसाच आहे. आपल्याकडच्या चामड्याच्या कार्यशाळांतही हेच होते: शिकवणारा बहुधा दुसरा हौशी माणूस असतो, त्याने व्हिडिओवरून शिकलेले तो पुढे देतो, आणि रापीला धार कशी लावायची, आरी कोणत्या कोनात घालायची, चामड्याच्या कोणत्या भागाला ताण कमी हे ज्याला तीस वर्षे माहीत आहे तो माणूस बाहेर छत्री दुरुस्त करत बसलेला असतो.

यावर उपाय अवघड नाही आणि तो खर्चिकही नाही. नवी मुंबईत जे कोणी चामड्याचे वर्ग घेतात, त्यांनी शिकवायला गटई कामगारांना आणि कोल्हापूर-सांगलीच्या चर्मकार कारागिरांना बोलवावे, इतर कोणत्याही प्रशिक्षकाला देतात तेवढे मानधन त्यांना द्यावे आणि वर्गाच्या जाहिरातीत त्यांचे नाव वर छापावे. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४ पासून आहे. त्याने अशा शिक्षक-कारागिरांची यादी शहरांतल्या संस्थांना उघडपणे उपलब्ध करून द्यावी. चामडे विकणाऱ्यांनी ते कशाने कमावले आणि कुठे कमावले हे पावतीवर लिहावे. आणि पहिले होल्स्टर शिवणाऱ्याने निदान एवढे करावे: आपल्या कामाच्या आतल्या बाजूला, जिथे चामडे खरबरीत राहते तिथे, स्वतःच्या नावाबरोबर ज्याच्याकडून शिकलो त्याचेही नाव कोरावे.